बाइंडरचा यूज-आफ्टर-फ्री: केसॅनचा अहवाल हाती आला

मागच्या नोंदीपर्यंत कर्नल नुसता बूट होत होता, आता बाइंडरमधला (अँड्रॉइडमध्ये प्रोसेसना एकमेकांशी बोलू देणारा कर्नल ड्रायव्हर) यूज-आफ्टर-फ्री बग, म्हणजे मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरण्याची चूक, हवा तेव्हा उठवता येतोय. अँड्रॉइड इम्युलेटरचा ४.१४ कर्नल घेतला, दुरुस्तीचा पॅच उलटा लावून काढून टाकला आणि केसॅन (मेमरीच्या अशा चुका पकडणारी कर्नलची सोय) चालू करून बिल्ड केला. बग जुनाच, सीव्हीई-२०१९-२२१५ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या त्रुटीला मिळणारा जाहीर क्रमांक).

चाचणीचा प्रोग्राम चिमुकला आहे. बाइंडर उघडायचा, त्याचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलचा क्रमांक) ईपोलला, म्हणजे फाइलींवरच्या घडामोडींवर नजर ठेवणाऱ्या सोयीला जोडायचा, आयऑक्टलने (ड्रायव्हरला आज्ञा देणारा कॉल) 'थ्रेड एक्झिट' सांगायचं आणि प्रोग्राम संपू द्यायचा. केसॅन बंद असताना हाच प्रोग्राम गुपचूप संपतो, लॉगमध्ये चकार शब्द नाही. चालू केला की अहवाल येतो: मोकळ्या केलेल्या जागेत ४ बाइट लिहिले, तेही स्पिनलॉक (कर्नलमधलं एक कुलूप) घेताना.

अहवालातले तीन स्टॅक (कुठल्या फंक्शनने कुणाला बोलावलं त्याच्या याद्या) शेजारी ठेवून वाचा, खरी मजा तिथे आहे. जागा घेतली बाइंडरच्या पोल फंक्शनने, मोकळी केली आयऑक्टलने आणि वापरली ईपोलच्या आवराआवरीने. म्हणजे शेवटच्या टोकाला बाइंडरचा कोड नाहीच! नुसता ड्रायव्हर वाचत बसलो असतो तर हे दिसणं कठीण होतं. अहवालात खाली दिसणाऱ्या शॅडो मेमरीत (कुठली मेमरी वापरायला योग्य याची केसॅनची नोंदवही) 'एफबी'ची रांग लागलेली असते. दर ८ बाइटमागे शॅडोचा १ बाइट, आणि एफबी म्हणजे मोकळा केलेला ऑब्जेक्ट.

कारण असं: ईपोल धरून चालतं की वेट क्यू (घडामोडीची वाट पाहणाऱ्यांची यादी) फाइल असेतोवर जिवंत राहणार. बहुतेक ड्रायव्हर ते पाळतात. बाइंडरमध्ये मात्र वेट क्यू थ्रेडच्या स्ट्रक्चरमध्ये असतो, आणि थ्रेड फाइलच्या आधी जाऊ शकतो. ईपोलकडे पत्ता उरतो, घर पाडलेलं असतं.

लॉकपेक्षा वाईट गोष्ट त्यानंतर घडते. वेट क्यूच्या यादीतून ईपोलची नोंद काढताना, ती एकटीच असेल तर यादीच्या हेडचे दोन्ही पॉइंटर हेडकडेच वळतात. म्हणजे मोकळ्या जागेत कर्नलचा स्वतःचा पत्ता लिहिला जातो. तोवर ती जागा दुसऱ्या कुणाला मिळाली असेल आणि युजरस्पेसला (कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामना) ती वाचता येत असेल, तर तो पत्ता फुटलाच.

इतिहासाने मात्र डोकं फिरतं. सिझकॉलरने (कर्नलवर आपोआप उलटसुलट कॉल करून बग शोधणारं साधन) हा बग २०१७च्या नोव्हेंबरमध्येच पकडला होता, पॅच २०१८च्या फेब्रुवारीत आला, पण सीव्हीई क्रमांकाशिवाय. काही फोनच्या कर्नलमध्ये तो पोचलाच नाही. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या सुरक्षा-संशोधन गटाने जाहीर केलं, तेव्हा त्याचा गैरवापर सुरू असल्याची माहिती त्यांच्याकडे होती.

पॅच तसा छोटा: थ्रेड मोकळा करण्याआधी वेट क्यूवर 'पोलफ्री' हा 'यादी आता जाणार' असा इशारा पाठवायचा, म्हणजे ईपोल आपली नोंद स्वतः काढून घेतं. एआयओचा (कर्नलची असिंक्रोनस आय/ओची सोय) पोल हा इशारा ओळखत नव्हता, ते भोक २०२१च्या डिसेंबरमध्ये बुजवलं गेलं. नुसत्या इशाऱ्यानेही भागत नाही. ईपोल वेट क्यूचा पत्ता आरसीयूच्या (लॉक न घेता वाचू देणारी कर्नलची पद्धत) आडोशाने वाचतं, म्हणून इशाऱ्यानंतर आणि मोकळं करण्याआधी सिंक्रोनाइझ-आरसीयू, म्हणजे आधीपासून वाचत असलेल्यांचं वाचून होईपर्यंत थांबणं, हवं. बाइंडरमध्ये ती ओळ मागाहून वेगळ्या पॅचने आली.

आता पोलफ्री ठेवून फक्त ती एक ओळ काढतोय. रेसची (दोन कामं नेमकी एकाच वेळी आदळण्याची) खिडकी अरुंद आहे, त्यामुळे ईपोलमध्ये पत्ता वाचणं आणि लॉक घेणं यांच्या मधे मुद्दाम विलंब टाकून पाहणार. कुणी याच जागी विलंब टाकून पाहिला असेल तर किती ठेवला ते कळवा.