80 कलमांची हापूसची बाग निम्म्यावर आणताना

रत्नागिरी तालुक्यातील आमच्या सड्यावरच्या (कातळाच्या पठारावरच्या) एक एकर जागेत वडिलांनी हापूसची 80 कलमे सात-सात मीटरवर लावली, तेव्हा दहा मीटरचे अंतर त्यांना जागेची नासाडी वाटले होते. पहिली बारा-पंधरा वर्षे त्यांचाच हिशेब बरोबर ठरला. पुढे मात्र फांद्या एकमेकींत शिरल्या, खालचा घेर उजेडाअभावी सुकत गेला आणि कलमे उजेडाच्या ओढीने नुसती उंच वाढली. मोहोर शेंड्यालाच येई, फवारा तिथवर पोहोचत नसे, आणि आतल्या दमट सावलीत मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांचे फावत असे. खत वाढवून आम्ही तीन हंगाम वाया घालवले.

शेवटी विरळणी करायचे ठरले. बुद्धिबळाच्या पटावरील काळ्या घरांतली कलमे काढून पांढऱ्या घरांतली ठेवली, तर उरलेल्या कलमांमधले अंतर चौकोनाच्या कर्णाइतके, म्हणजे सातऐवजी जवळपास 9.9 मीटर होते. कागदावर हे सोपे होते. काळी घरे काढायची की पांढरी, हे ठरवण्यासाठी मी वडिलांच्या वहीतून प्रत्येक कलमाचे तीन वर्षांचे उत्पन्न मांडले, आणि बागेतले सर्वांत देखणे कलम नेमके काढायच्या घरात आले. वडील त्या दिवशी जेवले नाहीत. अखेर ते ठेवून त्याचे दोन दुबळे शेजारी काढायचे ठरले; म्हणजे 41 कलमे जाणार आणि 39 राहणार.

आंबा 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत असल्याने स्वतःच्या जमिनीतले कलमही परवानगीशिवाय तोडता येत नाही. सातबाऱ्यासह अर्ज, जागेची पाहणी आणि प्रत्येक खोडावर खूण, यात काही महिने गेले. राहिलेल्या कलमांची मधली उभी फांदी काढून आत ऊन येऊ दिले आणि बुरशी लागू नये म्हणून प्रत्येक कापावर बोर्डो पेस्ट (1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी) लावली.

पहिल्या हंगामात पेट्या निम्म्याहूनही कमी भरल्या, आणि गावात जे बोलले गेले ते ऐकून घ्यावे लागले. केशर आंबा पाच मीटरवर लावणाऱ्यांचे दाखले दिले जात. पण ती घन लागवड दरवर्षीच्या छाटणीवर टिकते, आमच्या हापूसला तर कधी कोयता लागलेला नव्हता. तिसऱ्या वर्षी जुन्या जाड फांद्यांवर खालपर्यंत पालवी आली, चौथ्या वर्षी तिथेच मोहोर दिसला आणि काढणीचा बराच भाग जमिनीवर उभे राहून झाला.

वाचवलेल्या त्या कलमाला जिकडचे शेजारी गेले, त्या दोन बाजूंना आता फळ हाताला लागते. उरलेल्या दोन शेजाऱ्यांकडच्या बाजूला मात्र अजूनही खाली पान नाही, आणि वडील हल्ली त्या दोघांकडे पाहत बराच वेळ उभे असतात.