आंबोली टोड आणि कस्तूर: स्पंदांचं कोडं सुटलं

सुटलं एकदाचं! आंबोलीच्या सड्यावर घेतलेल्या टोड या बेडकाच्या हाकांच्या गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या फिती जुळत नव्हत्या, हे मागच्या नोंदीत आलंच आहे. गेल्या वर्षीच्या जूनमधल्या हाकेत स्पंद (हाकेतले सुटे ठोके) दाट, यंदा विरळ. जांभ्यातली डबकी मात्र तीच.

आधी संशय रेकॉर्डरवर. आवाजाचे नमुने टिपायचा दर एका वर्षी ४४.१, दुसऱ्या वर्षी ४८ किलोहर्ट्‌झ. फाइल चुकीच्या दराने उघडली की वेग साधारण ९ टक्क्यांनी बदलतो. दोन रात्री त्यातच गेल्या. पण मग स्वरही तेवढाच सरकायला हवा होता, आणि स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजातल्या स्वरांच्या आलेखावर) मुख्य वारंवारता जागची हललेली नाही. त्याच फितींतल्या पहाटेच्या शीळकरी कस्तूर पक्ष्याशी ताडून पाहिलं. तो रोज वेगळी वळणं घेतो, त्याच्यावरून काय मोजणार?

उत्तर वहीत होतं. गेल्या वर्षी वळवाच्या सरीनंतरची उकाड्याची रात्र, यंदा धुकं आणि गार वारा. टोडचं शरीर भोवतालाइतकंच गरम किंवा गार. गारठ्यात स्नायू मंदावतात, स्पंद विरळ होतात. स्वराची उंची मुख्यतः देहाच्या आकारावर ठरते, म्हणून ती तशीच राहिली. कस्तूर उष्ण रक्ताचा, शिवाय शीळ ऐकून शिकणारा. टोडला हाक कुणी शिकवत नाही. दोघांना एकच मोजपट्टी लावत होतो, तिथेच चुकत होतं.

दुसरा आनंद काथ्याच्या पायपुसण्याचा! कापून माइकवर छपरासारखं बांधलं आणि थेंबांची टपटप जवळजवळ गेली. ऑनलाइन मागवलेलं फरचं कव्हर भिजलं की वरचे स्वर गिळतं. पावसासाठी ते घेऊ नका.

कस्तुराची फीत बिघडली तर उद्याची पहाट आहे. टोड अतिसंकटग्रस्त, आंबोली-चौकूळच्या टापूतलाच, आणि हाकांच्या रात्री पावसाच्या तोंडावरच्या मोजक्या. म्हणून प्लेबॅक (टोडला त्याचीच हाक वाजवून ऐकवणं) अजिबात नाही, आणि डबक्यात पाय नाही.

पुढच्या जूनमध्ये हवेचं तापमान आणि स्पंद यांचा आलेख काढायचा बेत होता. पण हे लिहिताना लक्षात आलं, नर डबक्याकाठच्या कातळावर बसलेला असतो आणि जांभा दिवसाची ऊब धरून ठेवतो. मग हवेचं कशाला, कातळाचंच मोजायला हवं, तेही स्पर्श न करता. इन्फ्रारेड थर्मामीटर ओल्या दगडावर कितपत खरा आकडा देतो? कुणी वापरला असेल तर कळवा.