तिथीची पाऊणपट

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला समुद्राच्या भरतीची वेळ ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. तरीही दिनदर्शिकेत तिथी दिसली की माझे मन आपोआप तिची पाऊणपट करू लागते. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. ही झाली भरतीची वेळ, आणि तिच्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब मला माझ्या मावशीच्या सासऱ्यांनी, म्हणजे आप्पांनी, केळव्याच्या घराच्या ओटीवर बसून शिकवला. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो आणि पाणीही त्याच्या मागोमाग तेवढेच उशिरा चढते, हे शास्त्र शाळेत पुष्कळ नंतर आले. पाऊणकीचा पाढा माझ्या पिढीत कोणाच्या उपयोगी पडला असेल, तर तो माझ्याच.

तेव्हा केळवे ठाणे जिल्ह्यातच होते (पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी), पण आपल्याच जिल्ह्यातल्या त्या गावी पोहोचायला आम्हाला अर्धा दिवस लागे. ठाण्याहून दादर, दादरहून विरार, विरारला शटलची वाट पाहणे आणि मग केळवे रोडला उतरून टांगा. पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्यांमधून जाणारा तो रस्ता संपत आला की आधी सुरूच्या बनाचा आवाज ऐकू येई. समुद्र त्यानंतर दिसे. सुरूच्या त्या आवाजाला मी कितीतरी वर्षे समुद्राचाच आवाज समजत होते.

आमचा दिवस आप्पांच्या हिशेबाने चाले. ओहोटी असेल तेव्हा पाणी इतके दूर जाई की ओल्या वाळूवर चालत पाणकोटापर्यंत जाता येई. खाडीच्या तोंडाशी उभा असलेला तो जहाजासारखा छोटा किल्ला हे आमच्या सुट्टीचे टोक होते. मात्र परतायची वेळ आप्पा निघतानाच सांगत आणि ती कोणी चुकवत नसे, कारण सपाट किनाऱ्यावर पाणी समोरून येते तसे खळग्याखळग्यांतून मागूनही येते. भरतीच्या वेळी आम्ही सुरूखाली चटई टाकून ताडगोळे खात बसत असू. बनातल्याच भुईकोटाचा बुरूज तेव्हा वाळूत जवळजवळ गाडलेला होता आणि आम्ही त्याच्यावरून घसरत असू. पुढे दुर्गप्रेमींनी ती वाळू उपसून कोट मोकळा केला, तेव्हा आम्ही कशावर घसरत होतो ते मला पहिल्यांदा नीट दिसले. काळाबरोबर सगळेच वाईट झाले असे म्हणणाऱ्यांनी तेवढे तरी मान्य करावे.

वाईटही झालेच. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली, प्रवास सोपा झाला, आणि शनिवार-रविवारी किनाऱ्यावर गाड्या, घोडे, भेळेचे ठेले आणि प्लॅस्टिकच्या बाटल्या यांची दाटी होऊ लागली. या गर्दीवर रागावणे मला जड जाते, कारण चटई घेऊन आलेले आम्हीही पाहुणेच होतो. खरा बदल गर्दीच्या पाठीमागे, बनात झाला. दर पावसाळ्यात समुद्र थोडा थोडा आत आला, सुरूंची मुळे उघडी पडली आणि झाडे एकेक करून आडवी झाली. सुरूची मुळे उथळ असतात आणि मुळात तो इथला नव्हेच. ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातले हे झाड वारा व वाळू अडवण्यासाठी आपल्याकडे लावले गेले. म्हणजे ज्याला मी मूळ किनारा समजून हळहळते, तोही कोणीतरी मुद्दाम घडवलेला होता.

वाळूचा विचार आला की मात्र माझा राग थेट माझ्याच घराकडे वळतो. केळव्याच्या दक्षिणेला दातिवऱ्यापाशी वैतरणा समुद्राला मिळते. नद्या जी वाळू आणून टाकतात तिच्यावर किनारे तग धरतात, आणि वैतरणेच्या व वसईच्या खाड्यांमधून वर्षानुवर्षे उपसलेली वाळू बांधकामांवर गेली. चौदा मजल्यांच्या इमारतीला वाळू किती लागते ते मला ठाऊक नाही, पण खिळा ठोकताना भिंतीतून भुगा गळतो तेव्हा तो मी उगाचच बोटांवर घेऊन पाहते.

गेल्या मे महिन्यात लेकीला घेऊन गेले. आप्पा आता नाहीत; मावसभाऊ त्याच ओटीमागच्या खोल्या पाहुण्यांना देतो. विहिरीचे पाणी मचूळ झाल्यामुळे पिण्याचे पाणी बाटल्यांतून येते, आणि चटई टाकायची जागा होती तिथे आता दगडांचा बंधारा आहे, ज्याच्यावर भरतीचे पाणी आपटते. लेकीने मोबाइलवर भरतीची वेळ पाहिली आणि चार चाळीस असे सांगितले. ओटीच्या खांबाला एक काळी पाटी टांगलेली होती, तिच्यावर मावसभावाने खडूने लिहिले होते : "आज षष्ठी. भरती साडेचार. त्याआधी पाणकोटावरून परत या."