गॅस सरकारचा, वावर आपलं

आमच्या वरोऱ्याकडे (चंद्रपूर जिल्हा) कोळसा आणि त्याच्या थरातला गॅस शोधणारी बोअरची गाडी दिसली की पारावर दुसरा विषयच नसतो. परवा शेजारच्या काकांनी विचारलं, "वावराखाली गॅस निंगाला तं आपल्याले रॉयल्टी भेटते का वं?" अमेरिकेत शेतकऱ्याला गॅसची रॉयल्टी मिळते, असा व्हिडिओ कोणीतरी त्यांना मोबाईलवर दाखवला होता.

व्हिडिओ खोटा नाही. तिकडे जमिनीखालचं खनिज शेतकऱ्याच्या मालकीचं असू शकतं. पेनसिल्व्हेनियात तर १९७९ च्या कायद्याने लीज देणाऱ्याला रॉयल्टी म्हणून निघालेल्या गॅसचा किमान आठवा हिस्सा मिळतो. आपल्याकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजं राज्य सरकारची. कोळशाच्या थरातल्या मिथेनवर कंपनी १० टक्के रॉयल्टी भरते, तीही राज्याच्या तिजोरीत. म्हणून रॉयल्टीचं गाजर दाखवून कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सह्या मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

वरची जमीन मात्र आपली आहे, भांडायचं ते तिच्यासाठी. मिथेनच्या विहिरीतून आधी पाणी उपसतात. कोळशावरचा दाब कमी झाला की गॅस सुटायला लागतो, वाढतो, आणि पुढे वर्षानुवर्षं उतरत जातो. म्हणजे जागा दीर्घकाळ अडकते. भाडं दरवर्षी किती, दर किती वर्षांनी वाढणार, विहीर बंद झाल्यावर ती सिमेंटने बुजवून जमीन कोण सारखी करून देणार, हे कागदावर हवं. आणि उपसलेलं पाणी कुठे जाणार? ते खारट असू शकतं. नाल्यात सोडलं तर खालच्या वावराचं काय, हा प्रश्न ग्रामसभेत विचारलाच पाहिजे.

मी हे तळमळीने लिहिते, कारण आमच्या धुऱ्याजवळ कोळसा तपासायला बोअर मारला होता. मशीन गेलं, पण चिखलाचा खड्डा तसाच राहिला. वाळल्यावर राखाडी पापुद्रा धरला, बोटाने दाबला तरी फुटेना. पुढच्या पेरणीला तेवढ्या जागेत सोयाबीन उगवलंच नाही. पंचनाम्याला माणूस आला तेव्हा बाजूची तुडवलेली तूर कापून झाली होती. मशीन वावरात शिरायच्या आधीच उभ्या पिकाचे तारखेसकट फोटो काढून ठेवा.

पाइपलाइनची गोष्ट वेगळी. १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइनच्या कायद्याने जमीन तुमचीच राहते, कंपनीला फक्त वापरहक्क मिळतो. त्यासाठी जमिनीच्या बाजारभावाच्या १० टक्के आणि पिकाचं नुकसान वेगळं. पऱ्हाटी, तूर घेता येते. पण त्या पट्ट्यावर विहीर, शेततळं, घर काही करता येत नाही, झाडही लावता येत नाही. संत्र्याची बाग धरायचा विचार असेल त्याच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. हरकतीला अधिसूचनेपासून फक्त २१ दिवस. नोटीस हातात पडली की त्याच दिवशी गटाचा नकाशा काढा, पट्टा कुठून जातो ते त्यावर आखून घ्या, आणि हरकत लेखी देऊन पोच घ्या.