कोरडा ट्रे

रविवार, रात्री

संग्रहालयातल्या त्या जुन्या गाडीखालचा, गळणारं तेल धरायचा ट्रे कोरडा ठणठणीत होता. एवढंच. पण दिवसभर तेच डोक्यात घोळतंय.

त्या काळच्या इंजिनांत क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकाला आजच्यासारखं रबरी सील बहुधा नसायचं. तेल उलट आत ढकलणारे आटे, नाहीतर फेल्टचं किंवा दोरीचं पॅकिंग, एवढ्यावर भागायचं. म्हणून तेल भरलेली गाडी थोडी तरी गळतेच. ट्रे कोरडा म्हणजे बहुतेक तेल काढलेलं, टाकी रिकामी, बॅटरी सोडवलेली. म्हणजे ती मला कधीच ऐकायला मिळणार नाही. दादा म्हणेल, रंग बघ की, काय चकाकतोय! रंगाचं काय करू मी?

इंजिन उभं राहून कसं संपतं हे माहीत असणं फार वाईट. सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा थर ओघळून जातो, हवेतला ओलावा आत शिरतो आणि पिस्टन रिंगा गंजून भिंतीला धरतात. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट लाख उरते आणि जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, बुजतात. ब्रेक हायड्रॉलिक असतील तर साधं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, चाकापाशी ब्रेक दाबणारे व्हील सिलिंडर जाम होतात. टायर एकाच जागी दबून चपटे होतात. हे टाळायला गाडी स्टँडवर उचलतात, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडतात आणि अधूनमधून इंजिन हातानं फिरवतात. त्या गाडीची चाकं जमिनीवर होती.

मग अधूनमधून चालू का करत नाहीत? दोन मिनिटं चालू करून बंद करणं तर आणखी वाईट. इंजिन थंडच राहतं, जळणातून तयार झालेली वाफ सायलेन्सरमध्ये आणि तेलात पाणी होऊन बसते. तेल नीट तापेपर्यंत, म्हणजे अर्धा तास तरी, गाडी रस्त्यावर पळवायला हवी. अमेरिकेत नॅशव्हिलचं लेन मोटर म्युझियम आपल्या बहुतेक गाड्या चालत्या ठेवतं. हेवा वाटतो. फार वाटतो.

पण बेअरिंगचा विचार आला की मन थोडं नरमतं. क्रँकशाफ्ट ज्यांत फिरतो ती ही बेअरिंगं शिसं किंवा कथील असलेल्या पांढऱ्या धातूची, जागेवर ओतलेली. झिजली की खरवडून नवा धातू ओतायचा. मग गाडी चालते, पण मूळ कारागिराच्या हातचं तेवढं गेलेलं असतं. बुगाटी रोयाल या जुन्या आलिशान गाडीच्या जेमतेम ६ गाड्या आज उरल्या आहेत, १२.७ लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडरचं इंजिन. त्यांतल्या २ फ्रान्समध्ये म्युलूझच्या संग्रहालयात आहेत. तिथे मी किल्ली फिरवा म्हणेन का? नाही म्हणणार.

हवेचंही तसंच. लोखंडाला कोरडी हवा लागते. पण पत्र्याखालच्या लाकडी सांगाड्याला आणि सीटच्या चामड्याला ओल हवी, नाहीतर सांधे सुटतात, दारं खाली येतात, चामडं तडकतं. म्हणून आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास धरतात. दोघांचंही थोडं थोडं नुकसान मान्य करून.

आणि काही गाड्या उभ्या असतानाही बोलतात. मेसरश्मिट केआर २०० ही छोटी तीनचाकी घ्या. तिच्या गिअरबॉक्सला रिव्हर्सच नाही. इंजिन बंद करायचं, किल्ली आणखी आत दाबून पुन्हा चालू करायचं, की ते टू-स्ट्रोक इंजिन उलटं फिरतं आणि चारही गिअर मागे जायला मिळतात. हे कळायला आवाज लागत नाही, किल्लीची जागा दिसली की पुरे. १९२१ ची लेयात हेलिका घ्या: पुढे विमानाचा पंखा, वळतात मात्र मागची चाकं. वाकून मागच्या अॅक्सलची जोडणी पाहिली की सगळं उलगडतं. हेगच्या लाउमन संग्रहालयातली १९१० ची, कोलकात्यासाठी बनलेली हंसाच्या आकाराची गाडी मात्र... तिच्याबद्दल वेगळं लिहायला हवं.

पुढच्या वेळी आधी पुढच्या अॅक्सलकडे बघायचं. पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनच्या ग्रीस निपलभोवती, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडाभोवती, ताजं ग्रीस असेल, तर तेल काढलेलं असलं तरी कुणीतरी त्या गाडीचं करतंय. निपल कोरडं असेल तर तिथल्या माणसाला इंजिन शेवटचं हातानं कधी फिरवलं ते विचारायचं. संकोच न करता.