रॅलीचं किट: सुरुवात आतल्या कपड्यापासून

गाडीत रोल केज (गाडी उलटली तर छप्पर तोलणारा नळ्यांचा सांगाडा) बसला, बकेट सीट आणि हार्नेस (अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट) बसले, आता पाळी अंगावरच्या कपड्यांची. कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती) आणि ऑटोक्रॉस (मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळाविरुद्ध गाडी चालवणं) करून मातीतल्या रॅली स्प्रिंटकडे, म्हणजे छोट्या रॅलीकडे, वळणारे नाशिक-पुणे-कोल्हापूर पट्ट्यात बरेच जण आहेत, मी त्यातलीच एक. या टप्प्यावर काय तपासलं, काय घेतलं आणि काय अजून बाकी आहे ते लिहून ठेवते आहे. माझ्या मागून येणाऱ्यांचे पैसे योग्य जागी लागावेत, एवढीच इच्छा.

कार्टिंगचा सूट मी कपाटात परत ठेवला, आणि तुम्हीही ठेवावा. सीआयके-एफआयए लेव्हल २ (जागतिक मोटरस्पोर्ट संस्था एफआयएचं कार्टिंगचं मानक) चा सूट चांगलाच असतो, पण त्याचं काम वेगळं आहे. कार्टमध्ये ना बेल्ट असतो ना केज. चालक बाहेर फेकला गेला तर डांबरावर घासत जातो, म्हणून तो सूट घासणं सोसेल अशा जाड, नायलॉनसारख्या कापडाचा करतात. आगीसाठी तो बनवलेलाच नसतो. नायलॉन तापलं की वितळतं आणि वितळलेलं कापड कातडीला चिकटतं. अडचण अशी की दिसायला दोन्ही सूट सारखेच: तशीच उभी कॉलर, तेच लोगो, बरेचदा कंपनीही तीच. ऑनलाइन नुसतं ‘रेसिंग सूट’ म्हणून जे स्वस्तात विकतात, त्यातले पुष्कळसे कार्टिंगचेच असतात. विकणाऱ्याकडून कॉलरच्या मागच्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागवा. एफआयएच्या सूटवर तिथे ८८५६-२००० किंवा ८८५६-२०१८ असं भरतकामात लिहिलेलं असतं. नव्या मानकाच्या सूटवर होलोग्राम असतो आणि तो कोणत्या वर्षापर्यंत चालेल हेही लिहिलेलं असतं. जुना सूट घेत असाल तर आधी ते वर्ष बघा, रंग नंतर.

आता मुख्य मुद्दा. कुठलाही सूट अग्निरोधक नसतो, तो फक्त वेळ देतो, आणि किती वेळ देतो हे मोजलेलं असतं. अमेरिकेतल्या एसएफआय या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ३.२ए मानकात ज्वाळा आणि धग दोन्ही कापडावर सोडतात आणि आतल्या कातडीवर फोड येण्याइतकं, म्हणजे सेकंड डिग्री, भाजायला किती वेळ लागेल ते काढतात. ३.२ए/१ ला साधारण ३ सेकंद मिळतात. ३.२ए/५ ला साधारण १०. ड्रॅग रेसिंगवाले (सरळ पट्टीवरच्या छोट्या, अतिवेगवान शर्यतीतले) जो ३.२ए/२० घालतात त्याला ४०. म्हणजे तिरप्या रेघेनंतरचा आकडा हे सेकंद नव्हेत, ती श्रेणी आहे. एफआयएची चाचणी निराळी आहे: ज्वाळेवर धरलेल्या कापडामागचं तापमान २४ अंशांनी वाढायला किती वेळ लागतो ते बघतात. ८८५६-२००० मध्ये सूटला किमान ११ सेकंद टिकावं लागायचं, २०१८ च्या मानकात १२. हे १२ आणि एसएफआयचे १० शेजारीशेजारी ठेवून तुलना करू नका, दोन्हीकडे मोजलेली गोष्टच वेगळी आहे.

हे सेकंद येतात कुठून? कापडापासून थोडे, थरांमधल्या हवेपासून बरेचसे. नोमेक्स या आगीला टिकणाऱ्या कृत्रिम धाग्याच्या कापडाचे दोन-तीन थर गोधडीसारखे एकत्र शिवलेले असतात आणि मधे अडकलेली हवा धग आत येऊ देत नाही. नोमेक्स वितळत नाही. फार तापलं की काळं पडतं, फुगून जाड होतं, पण जागेवर राहतं. एका थराचे स्वस्त सूट बहुधा प्रक्रिया केलेल्या सुती कापडाचे असतात, प्रोबान हे त्यातलं ठाऊक असलेलं नाव. ते वाईट नाहीत, पण त्यांचा आगीचा गुण प्रक्रियेत असतो, म्हणून धुण्याची काळजी जास्त घ्यावी लागते. नोमेक्सचा गुण धाग्यातच असतो, तो धुतल्याने जात नाही.

म्हणूनच मी पैसे आतून बाहेर खर्च करायचं ठरवलं. पहिली खरेदी सूटची नव्हती. लांब बाह्यांचा नोमेक्स टॉप, घोट्यापर्यंतची पँट, मोजे आणि बॅलाक्लाव्हा (हेल्मेटखालची डोकं-मान झाकणारी टोपी) असा एफआयए लेबलचा पूर्ण संच आधी घेतला. आतल्या कपड्याला एफआयएच्या चाचणीत ५ सेकंद टिकावं लागतं, आणि तो घातला की शरीर आणि सूट यांच्यात आणखी एक हवेचा थर तयार होतो. आपल्याकडे उलटं चालतं. सगळं बजेट भपकेदार सूटवर जातं आणि आत ड्राय-फिटचा टी-शर्ट असतो, कारण उकडतं. तो टी-शर्ट पॉलिएस्टरचा. सूटला एकही भोक न पडता आतला पॉलिएस्टर नुसत्या धगीने वितळू शकतो. त्यापेक्षा साधा सुती बनियन बरा, तो निदान चिकटत नाही.

बायकांसाठी वेगळं सांगते, कारण याबद्दल कुणी आपणहून बोलत नाही. स्पोर्ट्स ब्रा जवळजवळ सगळ्या नायलॉन-इलॅस्टिकच्या असतात, काहींना शिवाय धातूच्या तारा आणि हुक. नोमेक्सच्या मिळतात, मागवाव्या लागतात, महाग पडतात. मी मागवली आहे. ती येईपर्यंत बिनतारेची सुती वापरते.

सूटमध्ये शेवटी दोन उरले होते: एक थराचा नवा ३.२ए/१, आणि ८८५६-२०१८ चा तीन थरांचा, थोडा वापरलेला. दुसरा घेतला. घालून बघताना उभं राहून आरशात बघण्यात अर्थ नाही. गाडीत, सीटवर, बेल्ट आवळून, हात स्टिअरिंगवर ठेवून बघायचं. बसल्यावर बाह्या दोन बोटं वर सरकतात, पाय पेडलवर गेले की घोटे उघडे पडतात. एफआयएचा नियम आहे की मान, मनगट आणि घोटे यांवर कायम किमान दोन कपड्यांचं आवरण हवं. मला मनगटावर ग्लोव्ह, सूटची बाही आणि आतली बाही असे तिन्ही मिळतात, घोट्याला मात्र लांब मोजे घातले तरच जमतं. आणि सूट घट्ट नको. अंगाला चिकटलेल्या सूटमध्ये हवेला जागाच उरत नाही, म्हणजे विकत घेतलेले सेकंद आपणच कमी करतो. खांद्यावरच्या पट्ट्याही ओढून बघा. त्या शोभेच्या नाहीत, बेशुद्ध चालकाला त्यांना धरून सीटमधून बाहेर काढतात.

छातीवर संघाचं नाव लावायचं होतं, त्यासाठी आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडे गेले. त्यांनी नेहमीचं रीळ काढलं. मी म्हटलं, “काका, याचा एक तुकडा द्या जरा.” दुकानाबाहेर येऊन तो तुकडा चिमट्यात धरला आणि लायटर लावला. धागा ज्वाळेपासून मागे पळाला, आखडला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. पॉलिएस्टर. मग सोबत नेलेला अॅरामिड धागा (नोमेक्स त्याच जातीचा) धरला. तो लाल झाला, काळा पडला आणि लायटर बाजूला करताच विझला. ना थेंब, ना मणी, बोटात धरल्यावर नुसती काजळी. काका बराच वेळ तो चिमटा बघत होते. म्हणाले, “ताई, याच धाग्याने शिवतो, पण सुई जाड लागेल.” बिल्ला आगीला टिकणाऱ्या कापडाचाच हवा, आणि टाके फक्त वरच्या थरातून जायला हवेत, आरपार गेले की तिथे सगळे थर दाबले जातात. काकांनी अस्तर हाताने वेगळं धरून टाके घातले, त्यामुळे वेळ लागला, पण काम नेटकं झालं. बाही आखूड करणं, झिप बदलणं असली कामं मात्र बाहेर करून घेऊ नका. मानकाच्या सूटमध्ये असा बदल झाला की लेबलाला अर्थ उरत नाही.

ग्लोव्ह्जवर माझा अजून शोध चालू आहे, आणि इथे घाई करायची नाही हे पक्कं आहे. २९ नोव्हेंबर २०२० ला बहरीनमध्ये फॉर्म्युला वन चालक रोमां ग्रोजाँची हास संघाची गाडी पहिल्याच लॅपमध्ये बॅरियरवर आदळून दुभंगली आणि पेटली. एफआयएच्या अहवालाप्रमाणे त्याला बाहेर यायला २७ सेकंद लागले. अडकलेला डावा पाय त्याने बुटातून ओढून काढला. एवढ्या आगीतून आलेल्या माणसाचे हाताचे पंजे मागच्या बाजूने भाजले. कारण उघड आहे: बाहेर पडताना हात आधी ज्वाळेत जातात, आणि स्टिअरिंगची जाण राहावी म्हणून ग्लोव्ह पातळ ठेवावा लागतो. मी बघितलेल्यांपैकी एका जोडीच्या बोटांवर सुंदर पकड होती, पण मनगटाची पट्टी इतकी आखूड की बाही वर गेली की कातडी दिसे. परत केली. लांब मनगटाची हवी, शिवण बाहेरून असलेली, आणि ती घालून हार्नेसचं बकल उघडता आलं पाहिजे.

हेल्मेट आधीच घेतलं आहे, हेल्मेटची मानकं ठरवणाऱ्या स्नेल संस्थेचं एसए. मोटरसायकलचं एम आणि कार्टिंगचं के या मानकांत आगीची चाचणी नाही, एसएमध्ये आहे.

धुण्याबद्दल थोडक्यात. झिप लावून, उलटा करून, थंड पाण्यात, सौम्य लिक्विडने. ब्लीच आणि सॉफ्टनर बिलकुल नाही, सॉफ्टनरचा थर कापडावर राहतो आणि तो जळतो. वाळवायचा सावलीत, उन्हाने नोमेक्सचा धागा कमकुवत होतो. पेट्रोल किंवा ऑइल सांडलेला सूट धुतल्याशिवाय घालायचा नाही. या सूटमध्ये गाडीखाली शिरायचंही नाही, त्यासाठी जुना डांगरी आहे. घामाने भिजलेले आतले कपडे दोन फेऱ्यांच्या मधे बदलायचे, कारण ओल्या कापडात वाफ होते आणि वाफेनेही भाजतं. मे महिन्यात हे कंटाळवाणं वाटेल, तरी दुसरा कोरडा संच जवळ ठेवा.

आणि कपड्यांइतकंच, त्यातून बाहेर पडणं. धाकटा भाऊ माझा नेव्हिगेटर आहे, शेजारी बसून पेसनोट्स (पुढच्या वळणांच्या नोंदी) वाचतो. पूर्ण किट घालून, बेल्ट आवळून, दार बंद करून आम्ही बाहेर पडण्याचा सराव करतो, घड्याळ लावून. माझी बाजू दहा सेकंदांच्या आत येते. त्याची येत नाही, केजची आडवी नळी त्याच्या गुडघ्याशी येते आणि पेसनोट्सची वही मांडीवरून घसरून बकलवर अडकते. वहीसाठी दाराला खिसा शिवायचं ठरलं आहे. त्याचा सूट अजून एक थराचा आहे, म्हणून पुढचे पैसे माझ्या बुटांवर नाही, त्याच्या नोमेक्सवर.

या आठवड्यात स्पर्धेची सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या स्पर्धेपुरते नियम, हातात येतील. एफएमएससीआय (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) च्या स्पर्धांत कोणत्या गटाला कोणतं मानक लागतं ते त्यातच बघायचं, ऐकीव माहितीवर जायचं नाही. स्क्रुटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या तपासणीच्या, टेबलावर दाखवायला सगळी लेबलं दिसतील अशी घडी घालून बॅग भरून ठेवली आहे. लांब मनगटाचे, लहान मापाचे ग्लोव्ह्ज भारतात कुणाकडे बघायला मिळाले असतील तर जरूर कळवा, मला घालून बघायचे आहेत.