नाथसागरासाठी १२ फुटी होडी: कुठे प्लाय, कुठे फोम, कुठे फायबर

पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयासाठी, म्हणजे नाथसागरासाठी, मी होडी बांधतोय. सध्या काम इथवर आलंय: ६ मिमी मरीन प्लायचे तळ आणि बाजू तांब्याच्या तारेने शिवल्या, आतले सांधे एपॉक्सीने (हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) भरले आणि होडी पालथी घातली. बाहेरून फायबरग्लासचा कपडा चढवायचा बाकी आहे.

‘लाकूडच कशाला, सगळं न कुजणारं वापरा’ असं बरेच जण सुचवतात. प्लायवुडच्या दुकानात पीव्हीसी फोम बोर्ड सहज मिळतो. तो कुजत नाही, त्याला वाळवीही लागत नाही. पण स्क्रूची पकड कच्ची असते आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात भार पडला की बोर्ड हळूहळू वाकतो. २.४ मीटरची पट्टी ३० अंशांच्या फरकाने चार-पाच मिमी लांबते. प्लाय तेवढा हलत नाही, म्हणून सांधा उकलतो. त्यामुळे इंजिनाचा भार घेणाऱ्या ट्रान्समला (होडीच्या मागच्या सपाट फळीला) हा बोर्ड अजिबात नको. तिथे १८ मिमी आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) प्लायच. फोम बोर्ड लावलाय तो फक्त पाटाखालच्या, सतत ओलीत राहणाऱ्या ठोकळ्यांना. एचडीपीई या प्लास्टिकला एपॉक्सी धरतच नाही. तळाला घसरपट्टी लावायची तर बोल्टनेच.

कुजण्याचं मूळ ओलीत आहे. लाकडात ओल साधारण २० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते, आणि धरणाच्या गोड्या पाण्यात तिला अडवायला मीठही नसतं. आयएस ७१०चा शिक्का असला तरी प्लायच्या कापलेल्या कडा पाणी पितातच. म्हणून कडांना पातळ एपॉक्सीचे तीन हात, पहिला शोषला जाईपर्यंत. बोल्टचं भोक ६ मिमीचं हवं असेल तर आधी १२चं पाडायचं, घट्ट एपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर मधोमध ६चं. हे टाळलं की ट्रान्सम आतून काळा पडतो आणि बाहेरून काही कळत नाही.

पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, पण लाकडावर त्याची पकड कच्ची. दोन-तीन पावसाळ्यांत पापुद्रा सुटू शकतो. एपॉक्सीसोबत २०० ग्रॅमचा विणलेला कपडा घ्या. नेहमीची चॉप्ड मॅट (तुकडे केलेल्या काचतंतूंची चटई) नको: तिचे तंतू धरून ठेवणारा बाइंडर पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, एपॉक्सीत नाही, त्यामुळे ती कोपऱ्यात बसत नाही. रेझिन साधारण कपड्याच्या वजनाइतकं, शिवाय कोऱ्या प्लायला प्यायला वेगळं.

कोऱ्या प्लायवर पहिला हात संध्याकाळीच. सकाळी मारला तर तापत्या लाकडातली हवा बाहेर येते आणि बुडबुडे धरतात. एका वेळी १५०-२०० ग्रॅमच कालवा, लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. डब्यात ठेवलं तर धूर निघून दगड होतो. हार्डनर ‘अंदाजे’ घालू नका. जास्त घातल्याने लवकर वाळत नाही, चिकट राहतं.

तरंगण्यासाठी पाटाखाली १०० लिटर एक्सपीएस (दाट पॉलिस्टायरिन) फोम, म्हणजे साधारण ९५ किलोचा आधार. थर्माकोल नको, तो पाणी शोषतो. पॉलिस्टर लागलं तर दोन्ही विरघळतात, एपॉक्सीने नाही; पेट्रोलपासून मात्र जपा.

शेवटचा रंग पांढरा किंवा फिका पीयू (पॉलियुरेथेन). घरगुती तापमानाला वाळलेली साधी एपॉक्सी ५०-६० अंशांनंतर नरमते आणि गडद रंगाचा तळ उन्हात तेवढा सहज तापतो. शिवाय एपॉक्सीला थेट ऊन सोसत नाही, तेव्हा नुसती पारदर्शक ठेवायची हौस असेल तर वर यूव्ही वॉर्निश लागेलच.